गिरजाबाईंची अट

"आमाले नाही पाह्यजे हे आता. नाव काटा आमचं."

हे बोलताना गिरजाबाईंनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. अकोल्याच्या जुन्या शहराला लागून, मोर्णेच्या काठी त्यांची भाजीची वाडी होती. त्या उकिडव्या बसून मेथी उपटत होत्या आणि मी बांधावर पिशवी छातीशी धरून उभी होते.

"काय झालं ते तरी सांगा," मी म्हटलं.

"काही नाही झालं. तुमी आपल्या रस्त्यानं जा, आमाले आमचं काम करू द्या."

माझा जन्म अमरावतीचा, त्यामुळे या बोलण्याचा मला धक्का बसत नसे. आमचे डॉक्टर बर्वे पुण्याचे होते. त्यांना मात्र वऱ्हाडात आल्यावर बरेच दिवस वाटत होतं की अख्खं अकोला आपल्याशी भांडतंय. पण गिरजाबाई त्या दिवशी ज्या स्वरात बोलल्या, तो भांडणाचा नव्हता. भांडणाऱ्याची समजूत घालता येते. या बाईने ठरवून टाकलं होतं. मेथीची जुडी त्यांनी माझ्या पायाजवळ आपटली, मुळांची माती झटकली आणि त्या पुढच्या वाफ्यात सरकल्या.

महाराष्ट्र राज्य व्हायच्या थोडं आधीची ही गोष्ट. अमरावतीच्या एका दवाखान्यात डॉक्टर बर्व्यांनी एक काम हाती घेतलं होतं. म्हातारपणी काही माणसांची आठवण हळूहळू जाते. ती कशी जाते, आधी काय जातं आणि मागाहून काय, हे त्यांना समजून घ्यायचं होतं. 'साठी बुद्धी नाठी' म्हणून लोक ज्याला हसून सोडून देतात, त्याच्या मागे हा माणूस हात धुऊन लागला होता. त्यासाठी तीच ती माणसं वर्षानुवर्षं पुन्हा पुन्हा भेटायला हवी होती. काही ठणठणीत, काही विसरायला लागलेली, अशी म्हातारी माणसं आम्ही अमरावती, अकोला आणि आसपासच्या गावांत जमवली होती. त्यांना भेटायचं, ठरलेले प्रश्न विचारायचे आणि उत्तरं लिहून आणायची, हे माझं काम.

गिरजाबाईंचे यजमान राघोजी या सगळ्यांत माझे लाडके. उंच, वाकलेले, फेटा नेहमी एका कानावर आलेला. पहिल्या खेपेला त्यांना प्रश्नांची मजाच वाटली होती. "आपण कोणत्या राज्यात राहतो?" असं विचारल्यावर ते म्हणाले, "कोणतं पाह्यजे? माह्या देखत तीन झाले." आमचं वऱ्हाड मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात गेलेलं आणि आता पुन्हा बदलायच्या बेतात. शेवटी डॉक्टरांनी तो प्रश्नच काढून टाकला.

पुढच्या एका खेपेला मात्र मी त्यांना लक्षात ठेवायला तीन शब्द सांगितले: कांदा, विहीर, घोडा. थोड्या वेळाने परत विचारले. "इहीर," राघोजी म्हणाले आणि थांबले. त्यांनी हात हवेत धरला, जणू बाकीचे दोन शब्द वरून कुठून तरी पडणार होते. मग त्यांनी गिरजाबाईंकडे पाहिलं. त्यांचे ओठ हलले, तशी मी म्हटलं, "तुम्ही सांगायचं नाही हं." कामाचा नियमच तसा होता. राघोजी हसले. ते हसू चेहऱ्यावरून जायला फार वेळ लागला. मी उत्तर लिहून घेतलं, चहा घेतला आणि निघाले. आणि त्यानंतर गेले तर हे: नाव काटा आमचं.

नाव काटायला सांगणाऱ्या त्या एकट्या नव्हत्या. आमची माणसं गळत चालली होती. कोणी मुलाकडे दुसऱ्या गावी गेलं. कोणाच्या घरी लग्नाची बोलणी चालू होती आणि घरात डोकं फिरलेला म्हातारा आहे हे पाहुण्यांना कळू द्यायचं नव्हतं. कोणी दार उघडेना. आमच्या कामाला पैसे देणाऱ्यांकडून एक गृहस्थ आले होते. ते म्हणाले, "डॉक्टर, गेले ते गेले. उरलेत त्यांच्यावर काम पुरं करा."

डॉक्टर बर्वे एरवी हळू बोलत. त्या दिवशी त्यांचा आवाज चढला. "उरलेत ते कोण? ज्यांना अजून घरचा रस्ता आठवतो ते! आणि गेलेत ते ज्यांना हा रोग खरा झालाय ते. गेलेल्यांना सोडून मी जे लिहीन ते खोटं असेल."

गृहस्थ गेल्यावर ते मला म्हणाले, "पुन्हा जा. राघोजींना काही विचारायला नको. का सोडलं, एवढंच विचारून या."

मी पुन्हा गेले. बडनेऱ्याला गाडी बदलायची, अकोल्याला उतरायचं, पूल ओलांडून जुन्या शहरातून वाडीवर जायचं. गिरजाबाई हाकलतही नसत आणि बोलतही नसत. उभ्या माणसाशी बोलणं त्यांना आवडत नसे आणि रिकाम्या हाताने बसणंही. एकदा मी न सांगता खाली बसले आणि जुड्या बांधायला लागले. त्यांनी माझी पहिली जुडी उचलली, सोडली आणि माझ्यापुढे फेकली. "असी बांधशीन तं बजारात जाता जाताच सुटन. मास्तरीण आहेस, हात नाही तुले." त्या दिवसापासून मी त्यांची मास्तरीण झाले. पण मूळ प्रश्नाचं उत्तर काही येईना.

त्यांच्याबद्दल जे कळलं ते शेजारच्या सलमाबींकडून. वाडीच्या कुंपणापलीकडे सलमाबींचं घर होतं आणि दोघींचं दिवसातून एकदा तरी वाजायचंच. "ये औरत?" सलमाबी मला म्हणाल्या, "ये तो बैल भी वापस ले आई थी."

झालं होतं असं. राघोजींना देण्याचं वेड लागलं होतं. वांगी दे, मिरच्या दे, येणाऱ्या-जाणाऱ्याच्या धोतरात कोथिंबीर घाल. एका दिवशी त्यांनी रस्त्याने जाणाऱ्या अनोळखी माणसाला बैलच दिला. म्हणाले, "तुह्याजवळ एकही नाही, माह्याजवळ दोन. ने." माणूस घेऊन गेला. गिरजाबाई बाजारातून आल्या आणि दुसऱ्या दिवशी उजाडताच विचारत विचारत बाळापूरच्या वाटेवरच्या त्याच्या गावी पोचल्या. सरळ गोठ्यात शिरून बैल सोडला. तो माणूस आडवा आला. "तुह्या नवऱ्यानं दिला मले!"

"नवऱ्यानं अर्धा दिला," गिरजाबाई म्हणाल्या. "अर्धा माहा आहे. माहा अर्धा मी नेतो, तुहा अर्धा तू ठेव." आणि कासरा धरून त्या चालू लागल्या. गाव हसत राहिलं.

"मी डॉक्टरांनाच घेऊन येते," शेवटी मी गिरजाबाईंना म्हटलं.

"आण. त्याईले जुड्या बांधता येत असतीन तं आण."

डॉक्टर बर्वे पांढरी विजार घालून आले आणि बांधावर येऊन उभे राहिले. गिरजाबाईंनी आधी त्यांच्या रिकाम्या हातांकडे पाहिलं.

"औषध आणलं काय?"

"नाही."

"मंग कवा आणसान?"

"आणणार नाही, गिरजाबाई," डॉक्टर म्हणाले. "या आजाराला औषध नाही. माझ्याकडे नाही, मुंबईत नाही, विलायतेतही नाही."

गिरजाबाईंचा हात थांबला. मी त्यांना ओळखायला लागल्यापासून तो हात रिकामा थांबलेला पहिल्यांदाच पाहिला. पाटाचं पाणी वाफा भरून बाहेर जायला लागलं, तरी त्या उठल्या नाहीत.

"म्हंजे," त्या सावकाश म्हणाल्या, "त्यानं सारं बराबर सांगितलं असतं, तरी?"

"तरीही नाही."

मग त्यांनी सांगितलं. मी ते तीन शब्द विचारून गेले त्या दिवशी राघोजी जेवले नाहीत. बायकोला म्हणाले, "गिरजे, मी नापास झालो. आता डाक्टर औषध देनार नाही." दुसऱ्या दिवसापासून सकाळी विहिरीच्या काठावर बसून ते शब्द घोकायला लागले. कांदा, इहीर, घोडा. गिरजाबाई सांगायच्या, ते म्हणायचे. दुपारपर्यंत एक गळायचा, संध्याकाळपर्यंत सगळे. मग रडायचे. पुन्हा सकाळी विहिरीवर.

"मलेबी वाटे, पास झाला म्हंजे औषध भेटन," गिरजाबाई म्हणाल्या. "लय दिवस मी त्याले शिकोलं. मंग मनात आलं, औषध नको न काही नको. रोज उठून मी माह्या माणसाले नापास होऊ देऊ काय? म्हून म्हटलं, नाव काटा."

डॉक्टर त्या ओल्या बांधावर तसेच खाली बसले. "चूक आमची आहे," ते म्हणाले. "औषध नाही हे पहिल्या दिवशी सांगायला पाहिजे होतं."

"मंग पाहता कायले, औषधच नाही तं?"

"पुढे कोणी औषध शोधेल. त्याआधी हा आजार कसा चालतो ते कळलं पाहिजे. राघोजींना याचा काही उपयोग होणार नाही, हे खरं. तुम्ही नाही म्हणालात तरी मी रागावणार नाही. फक्त एक ऐका. जे धडधाकट आहेत तेच भेटत राहिले, तर आम्ही लिहू की म्हातारपणी फारसं काही बिघडत नाही. तुमच्या घरात जे चाललंय, ते कुठे घडलंच नाही असं होईल."

गिरजाबाई उठल्या. त्यांनी पाटाला माती लावून पाणी दुसऱ्या वाफ्यात वळवलं. "उद्या येजा," त्या म्हणाल्या.

आम्ही अकोल्यात मुक्काम केला. दुसऱ्या दिवशी त्यांनी आम्हाला घरात नेलं. राघोजी बाजेवर बसले होते आणि त्यांच्या घोट्याला लुगड्याची पट्टी बांधून ती बाजेच्या पायाला अडकवली होती. डॉक्टर म्हणाले, "हे सोडा."

"सोडतो. बजाराच्या वक्ताले तुमी बसता त्याच्यापाशी?"

निघताना डॉक्टर वाडीचा कोपरा पाहून म्हणाले की इथे तट्ट्याचं फाटक लावलं आणि कडी बाहेरून ठेवली, तर त्यांना वाडीत मोकळं फिरता येईल. मी पुढच्या वेळी गेले तर फाटक होतं, पट्टी नव्हती आणि कुंपणापलीकडून सलमाबींचं लक्ष होतं. मी फाटकाकडे पाहिलं, तशी गिरजाबाई म्हणाल्या, "बकऱ्या येत होत्या, म्हून लावलं."

तर डॉक्टर घरात आले त्या दिवशी गिरजाबाई म्हणाल्या, "मी बुढ्याले इचारलं. तो म्हने पाव्हणे आहेत, येऊ दे. आता माही अट आयका. त्याले जे येत नाही ते त्याले इचाराचं नाही. मले इचारा, मी सांगतो. तो काय करते, काय खाते, कोणाले काय म्हणते, सारं सांगतो."

"बरोबर आहे," डॉक्टर म्हणाले.

"थांबा, झालं नाही. मधातच सोडाचं नाही. आता तो हासते, बोलते, म्हून यासान. उद्या त्याचं हागणं-मुतणं बाजेवर आलं का कोणी फिरकणार नाही. तसं चालाचं नाही. याचं तं शेवटलोक याचं."

"कबूल."

"तुमी नाही. तुमची बदली होईन. हिले म्हणू द्या."

त्या माझ्याकडे पाहत होत्या. त्या नजरेपुढे 'बघू' म्हणायची सोय नव्हती. मी म्हटलं, "कबूल."

डॉक्टरांनी मग सगळ्यांसाठीच रीत बदलली. औषध नाही हे आधी सांगायचं. म्हाताऱ्यांना जमेल तेवढंच विचारायचं, बाकी घरच्यांना. आणि सोडून गेलेल्या प्रत्येक घरी एकदा जायचं, परत या म्हणायला नाही, का गेलात ते ऐकायला. काही घरं परत आली, काही आली नाहीत.

न येणाऱ्यांत चांदूर रेल्वे गावचे तायडे गुरुजी होते. त्यांच्या वस्तीत पहिलं शिकलेलं माणूस तेच. छप्पनच्या दीक्षेनंतर सगळ्या वस्तीकडून बुद्धवंदना त्यांनीच पाठ करून घेतली होती. आता त्यांना स्वतःला ती आठवत नव्हती. त्यांची मुलगी शांता शाळेत शिकवायची. ती दारातच मला म्हणाली होती, "ज्यांनी सगळ्यांना शिकवलं, त्यांना तुम्ही आज वार कोणता, असं विचारणार? लोक काय म्हणतील, गुरुजींचं डोकं गेलं? नाही. आमच्याकडे येऊ नका."

हे मी गिरजाबाईंना सहज सांगितलं. त्या म्हणाल्या, "राघोजीले सलमा पाहीन. चाल."

आगगाडीत त्या भाजीची टोपली मांडीवर घेऊन बसल्या होत्या, रिकाम्या हाताने कोणाकडे जायचं नाही म्हणून. शांताने आम्हाला पाहून दार ओढायला घेतलं, तोवर टोपली उंबऱ्यावर टेकली होती.

"माह्या बुढ्यानं बैल वाटला," गिरजाबाई म्हणाल्या. "तुह्या बापानं काय वाटलं?"

शांता गोंधळली. मग तिच्या तोंडून निघून गेलं, "चष्मा. जो भेटेल त्याला देतात. म्हणतात, घे, वाच." आणि ती एकदम हसायला लागली. कितीतरी दिवसांत ती हसली नसावी, कारण आतून गुरुजी काय झालं ते पाहायला बाहेर आले.

शांताने पाण्याचा पेला आणला. तो गिरजाबाईंपुढे धरताना तिचा हात जरासा अडला. त्या काळात तो अडणं साहजिक होतं. गिरजाबाईंनी पेला घेतला, एका दमात संपवला आणि परत दिला. "अजून दे. गाडीत लय धूळ होती."

मग दोघी चुलीपाशी बसल्या. गुरुजी आपल्याला ओळखत नाहीत तेव्हा काय करायचं, त्यांनी उगाच मारलं तर काय करायचं, शाळेत जाताना त्यांना कोणापाशी ठेवायचं, असं त्यांचं बोलणं चाललं होतं. मी बाहेर गुरुजींजवळ बसले. त्यांनी मला चष्मा दिला. निघताना शांता म्हणाली, "पुढच्या वेळी या. मी सांगेन सगळं."

पुढे गिरजाबाईंनी म्हटल्याप्रमाणेच झालं. कामाला मिळणारे पैसे बंद झाले आणि डॉक्टर बर्वे पुण्याला परत गेले. मी अमरावतीत शाळेत नोकरी धरली. आता अकोल्याला जायचं कारण नव्हतं, जाण्याचं भाडंही कोणी देणार नव्हतं. घरचे म्हणाले, संपलं ना ते काम? पण मी कबूल म्हटलं होतं. सुट्टी पडली की मी जात राहिले. तायडे गुरुजींकडे, अमरावतीतल्या दोन-चार घरी आणि मोर्णेकाठच्या वाडीवर. जे कळेल ते डॉक्टरांना पुण्याला कळवायचं. ते लगेच उलट प्रश्न विचारत.

राघोजी बाजेला खिळले. मग बोलणं कमी झालं. गिरजाबाई त्यांना भरवत, धूत, कूस बदलत, आणि मी गेले की हात न थांबवता सगळं सांगत. चांगलं ते सांगत, किळसवाणं वाटेल तेही सांगत. "लिव," म्हणत. "हे सोडू नको."

थंडीत एकदा अकोल्याहून निरोप आला: बुढा गेला, येऊन जाजो. मी गेले तेव्हा दहावा होऊन गेला होता. गिरजाबाई घराच्या दारात लसूण सोलत होत्या. मला वाटलं होतं मी त्यांच्याजवळ नुसती बसेन. पण त्या म्हणाल्या, "बस. शेवटचं राह्यलं लिवाचं."

त्यांनी शेवटचे दिवस सांगितले. सांगता सांगता म्हणाल्या, "मले ओळखत नव्हता. परकी बाई समजे. एक दिवस म्हने, बाई, तुमचा मालक कोठी आहे? मी म्हटलं, वावरात गेला, येईन आता. तं म्हने, चांगला आहे काय तुमचा मालक? मी म्हटलं, हो, चांगला आहे." त्यांनी सोललेली पाकळी दुसऱ्या हातात घेतली. "मंग म्हने, तो येईलोक मी बसतो इथीसा. तुमी एकल्या नका राहू."

त्यांनी पुढची पाकळी सोलायला घेतली. मी लिहायचं थांबवलं होतं.

"हे बी लिव," त्या म्हणाल्या.

मी लिहिलं. डॉक्टर बर्व्यांचा निबंध पुढे छापून आला. त्यात सोडून गेलेल्या माणसांवर एक वेगळा भाग होता: ती का गेली, कोण परतलं, कोण नाही, आणि न परतलेल्यांमुळे निष्कर्ष किती कच्चा राहतो ते. आमच्यासारख्या कामात असं कोणी फारसं कबूल करत नाही, असं डॉक्टरांनीच मला कळवलं होतं. मी हे गिरजाबाईंना सांगायला गेले. त्यांनी ऐकून घेतलं.

"छापून आलं तं बरं झालं. औषध निंघालं काय?"

"नाही अजून."

"मंग काम संपलं कोठी?"

माझं लग्न ठरलं आणि मी नागपूरला जाणार होते. त्याआधी एकदा अकोल्याला गेले, तर वाडीवर गिरजाबाई नव्हत्या. "किसीके घर गई," सलमाबी म्हणाल्या. "उनकी सास को भी वही बीमारी है. बहू बिचारी अकेली है, और घरवाले दरवाज़ा नहीं खोलते." कोणाच्या घरी ते त्यांनाही नक्की ठाऊक नव्हतं. मी थोडा वेळ थांबले आणि स्टेशनकडे जाणाऱ्या एसटीत बसले.

जुन्या शहरातून गाडी हळूहळू निघत होती. एका गल्लीच्या तोंडाशी समोरून बैलगाडी आली, म्हणून ती थांबली. खिडकीतून मला गिरजाबाई दिसल्या. एका घरासमोर उभ्या होत्या. दार अर्धवट उघडलं होतं आणि आतलं कोणीतरी मान हलवून नाही म्हणत होतं. मग दार लागलं. आतून कडी घातल्याचा आवाज बसपर्यंत आला.

मी हाक मारणार होते, पण थांबले. गिरजाबाईंनी इकडेतिकडे पाहिलं. डोक्यावरची टोपली उतरवली, पदराने ओट्याची धूळ झटकली आणि पाठ दाराला टेकून आरामात बसल्या. टोपलीतून वालाच्या शेंगा काढून निसायला लागल्या.

बैलगाडी बाजूला झाली. आमची बस निघाली. ती कोपऱ्यावर वळेपर्यंत दार बंदच होतं, आणि बाई बसलेल्याच होत्या.